सारवलेल्या कोर्टावर

"कोर्ट कुणी सारवलं?"

अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आवाज जिमखान्याच्या फाटकापासून पार मागच्या चिंचेपर्यंत गेला. मी आणि व्हर्नाबाई त्यांच्या मागोमाग आत शिरत होतो. शेणाचा ओला, ताजा वास आमच्याही आधी फाटकात येऊन उभा होता. समोर आमचं टेनिसचं कोर्ट सकाळच्या उन्हात हिरवंगार चकाकत होतं, आणि त्याच्या कडेला जिमखान्याची झाडलोट करणारी गौराक्का हात धूत उभी होती.

"मी सारवलं, वकीलसायब," ती पदर सावरत म्हणाली. "येवढी सातासमुद्रापल्याडची पावनी आली, तिच्याफुडं काय धुळकट अंगण ठिवायचं?"

"अगं बाई, हे अंगण नाही! आज चार वाजता मॅच आहे इथं, मॅच!"

"म्हून तर आज सारवलं. काल सारवलं असतं तर आज शिळं न्हाई का व्हणार?"

अप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. आमचं कोर्ट मुरमाचं. त्यावर शेण आणि थोडी माती कालवून गौराक्का हात फिरवायची, मग दोन दिवस कडक वाळू द्यायचं, रोलर फिरवायचा, की चेंडू कसा टणटणीत उडायचा! पण ते वाळल्यावर. ओल्या सारवणावर चेंडू टाकला तर तो पोहे खाऊन सुस्तावल्यासारखा जागीच बसणार, हे गौराक्काला कोण सांगणार? तिच्या हिशेबी पाहुणी येणार त्या सकाळी सारवायचं असतं, आणि तिनं सारवलं होतं.

"आणि हे काय?" अप्पांचं लक्ष आता रेषांकडे गेलं. चुन्याच्या रेषा सारवणाखाली गडप झाल्या होत्या. त्या जागी गौराक्कानं दोरी धरून रांगोळीच्या नव्या रेषा ओढल्या होत्या. वर चारी कोपऱ्यांबाहेर एकेक कमळ.

"सारवून बोडकं ठिवू व्हय? घरात मयत झाल्यावानी?"

मला हसू आवरेना. अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मी घाईघाईनं बुटाची नाडी बांधायला खाली वाकले.

व्हर्नाबाईंना यातलं अक्षर कळलं नव्हतं. त्या कोर्टाच्या कडेला उकिडव्या बसल्या, दोन बोटं सारवणावर टेकवली, नाकाशी नेली. मी मनात म्हटलं, संपलं, आता ही बाई बॅग उचलून स्टेशन गाठणार. तर त्या म्हणाल्या, "माझी आजी घरापुढची जमीन अशीच राखायची. गवताचं पातं उगवू द्यायची नाही. रोज झाडून झाडून आरसा करायची." मग उठून अप्पांना म्हणाल्या, "मिस्टर मगदूम, मी खेळेन. फक्त ती फुलं पुसू नका."

मी हे गौराक्काला मराठीत सांगितलं. ती जी फुशारली, ती दिवसभर खाली आली नाही.

ही व्हर्ना टॉलिव्हर कोण, ते सांगायला हवं. अमेरिकेतली. काळी. सहा फुटांना दोन बोटं कमी, आणि सर्व्हिस करायला हात वर गेला की अजून उंच. तिच्या प्रांतात गोऱ्यांच्या क्लबाच्या कोर्टावर पाय ठेवणारी तिच्या लोकांतली ती पहिली बाई. छप्पन सालच्या जानेवारीत तिच्या सरकारनं तिला सदिच्छा दौऱ्यावर पाठवलं होतं, आणि आमच्या नागझरीचा जिमखाना संस्थानी काळापासून नावाजलेला, म्हणून एक दिवस आमच्याही वाट्याला आला. गावाबाहेरच्या साहेबी क्लबात तिच्या उतरण्याची सोय केली होती. चार दिवस आधी तिथून निरोप आला, खोलीचं छत गळतंय.

"जानेवारीत छत गळतं होय!" अप्पा संतापले. ते जिमखान्याचे सेक्रेटरी. "आमच्या घरी उतरतील त्या. आमचं छत शाबूत आहे."

तर अशी ती आमच्या घरी आली. आम्ही जैन. दिवे लागायच्या आत जेवणं उरकायची, कांदा नाही, बटाटा नाही. आईला घोर लागला होता की एवढी धिप्पाड बाई आमटी-भातावर कशी तगणार. व्हर्नाबाई पहिल्याच संध्याकाळी सहा भाकऱ्या जेवल्या आणि आईनं त्यांना तिथल्या तिथं पोटची मुलगी मानलं.

आता माझं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, माणिक मगदूम, जिल्ह्याची चॅम्पियन. हसू नका, जिल्ह्यात खेळणाऱ्या मुली आम्ही पाच होतो, पण पाचांतही कुणीतरी पहिली यावी लागतेच ना! पांढरी साडी, पदर खोचलेला, पायांत कॅनव्हासचे बूट. व्हर्नाबाईंसमोर खेळायला दुसरं कुणी नव्हतंच. आणि घरात माझ्या लग्नाचं चाललं होतं. मुलगा बेळगावचा. मंडळी चांगली होती, खोटं कशाला बोलू, पण त्यांनी स्पष्ट विचारलं होतं, मुलगी खेळणं सोडेल ना? फेब्रुवारीत मुंबईला मोठी स्पर्धा होती. मला तिथं जायचं होतं. तिथंच कशाला, मला जन्मभर खेळायचं होतं. मी आठ दिवस अप्पांच्या मागं भुणभुण लावली, तेव्हा जेवताना ते वैतागून म्हणाले, "बरं. त्या बाईकडून एक गेम घेऊन दाखव. सेट नाही म्हणत मी. एक गेम. घेतलास तर मुंबईला मी स्वतः घेऊन जाईन. नाही घेतलास तर बेळगावकरांना होकार कळवतो, आणि मग रडायचं नाही."

"कबूल," मी म्हटलं. पैज गावभर व्हायला एक दिवस पुरला. दळणाच्या गिरणीत बायका मला विचारत, "मग, घेणार का गेम?"

मॅचच्या आदल्या संध्याकाळी व्हर्नाबाई परसातल्या पायरीवर बसल्या होत्या. मी रॅकेटच्या तारा तपासत होते. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "हा माझा शेवटचा दौरा. आमच्या गावच्या शाळेत खेळ शिकवायची नोकरी आहे. होकाराची तार करायची आहे."

"का?" मी ओरडलेच. "तुमचं वय काय, खेळ काय!"

"थकले. पायांनी नाही." एवढंच बोलल्या.

तेवढ्यात आई बाहेर आली. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्यांना मराठी. तिनं माझ्याकडे बोट केलं. मग तेच बोट व्हर्नाबाईंच्या डोळ्यांसमोर उभं धरलं. एक. आणि हात जोडले.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. "आई! आत हो आधी!"

"तू गप गं. मी त्यांच्याशी बोलतेय," आई म्हणाली आणि पुन्हा एक बोट दाखवलं. व्हर्नाबाईंनी त्या बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी लाजेनं अर्धमेली झाले होते. आणि तरी, खरं सांगते, रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात येतच होतं, देईल का गं ही? एकच तर गेम.

दुपारपर्यंत ऊन लागून कोर्ट बरंचसं वाळलं. फक्त चिंचेच्या सावलीतला कोपरा ओला राहिला. चार वाजता सगळं नागझरी लोटलं. व्हर्नाबाई आखूड स्कर्टमध्ये कोर्टावर आल्या तेव्हा पुरुष माना खाली घालून वर बघत होते आणि बायका सरळ बघत होत्या. उंच खुर्चीवर अंपायर म्हणून अप्पा. मागच्या रेषेवर पंच म्हणून आमचे डॉक्टर शिरगुप्पे, ज्यांनी मला जन्मताना हातात घेतलं होतं.

पहिला सेट कधी आला, कधी गेला, मला कळलं नाही. सहा-शून्य. चेंडू दिसायच्या आधी आवाज यायचा. चेंडू पांढरे होते ते दहा मिनिटांत हिरवे झाले, माझ्या साडीवर हिरवे शिंतोडे, व्हर्नाबाईंच्या स्कर्टवरही. दुसऱ्या सेटमध्ये मला जरा श्वास सापडला. ओल्या कोपऱ्यात चेंडू उडत नाही हे माझ्या ध्यानात आलं आणि मी तिथंच मारू लागले. दोनदा त्या चक्क घसरल्या. लोक ओरडायला लागले. तरी पाच-शून्य झालंच. बाजू बदलल्या आणि तो ओला कोपरा माझ्याकडे आला. देणार असतील तर आता, मी मनात म्हटलं. त्या काही देत नव्हत्या. बायकोच्या भावाला उधार न देणाऱ्या दुकानदारासारखा त्यांचा चेहरा होता.

सर्व्हिस माझी होती. कशी कोण जाणे, ड्यूस झाला, म्हणजे बरोबरी, आणि मग ॲडव्हान्टेज मला. एक पॉइंट. एकच. तिकडं बायकांच्या खुर्च्यांत आई पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती. मी सर्व्हिस केली. चेंडू परतला, मी परतवला, पुन्हा आला. मग व्हर्नाबाईंनी असा काही फटका मारला की तो माझ्या हाताबाहेरून चिंचेच्या कोपऱ्यात गेला. मी हललेसुद्धा नाही.

"आउट!" डॉक्टर ओरडले.

"गेम, मिस मगदूम!" अप्पा वरून गरजले. हो, गरजले. आवाज फुटला त्यांचा.

टोप्या उडाल्या. गौराक्कानं जी शिट्टी मारली, ती तिच्या नवऱ्यालाही ठाऊक नसेल. मी हसत व्हर्नाबाईंकडे बघितलं. त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं नव्हतं, अप्पांकडे नाही, चेंडू पडला त्या जागेकडेही नाही. त्या मान वळवून शांतपणे मागच्या रेषेकडे चालू लागल्या होत्या. चिडलेलं माणूस मी ओळखते, त्या चिडल्या नव्हत्या. रोजच्या रस्त्यानं माणूस चालतं तशा चालल्या होत्या.

मी चेंडू आणायला कोपऱ्यात गेले. ओल्या सारवणात चेंडूचा ठसा उमटला होता, वाटीएवढा. त्यातला चतकोर रांगोळीच्या रेषेवर होता. रेषा तिथं फिसकटली होती. चेंडू उचलला, तो सगळा हिरवा, आणि एका अंगाला पांढरी भुकटी. मी तो मुठीत धरून उभी राहिले. कुणी बघत नव्हतं. पायानं ठसा पुसला असता तर कुणाला कळलं असतं? मुंबई माझ्या मुठीत होती हो, अक्षरशः.

"अप्पा," मी म्हटलं. गलक्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही. मग ओरडून म्हटलं, "अप्पा, चेंडू आत होता!"

टाळ्या थांबल्या.

"अंपायरनं निर्णय दिलेला आहे," अप्पा म्हणाले. "पुढचा गेम."

"आत होता."

"माणिक, जागेवर जा."

"मी इथंच तर उभा होतो, पोरी!" डॉक्टर कळवळून म्हणाले.

"डॉक्टरकाका, तुम्ही डोळे मिटून ओरडलात."

लोक हसले. अप्पा खुर्चीवरून उतरले. धोतर सावरत, एकेक पाय जपून टाकत कोपऱ्यापर्यंत आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी चेंडू डोळ्यांजवळ धरला. मग वाकून ठसा बघितला. किती वेळ बघत होते! शेवटी चेंडू माझ्या हातात दिला, परत जाऊन खुर्चीवर चढले आणि म्हणाले, "ड्यूस."

पुढचे दोन पॉइंट व्हर्नाबाईंनी असे घेतले की त्यांना कुणी दया-माया शिकवलीच नसावी. सहा-शून्य, सहा-शून्य. नेटपाशी त्यांनी माझा हात धरला तो सोडेनात.

मी रडले ती जिमखान्यामागच्या हौदावर. पाय धुवायचं निमित्त. व्हर्नाबाई शेजारी येऊन बसल्या, त्यांचेही पाय घोट्यापर्यंत हिरवे.

"तुझ्या आईनं काल मला एक बोट दाखवलं," त्या म्हणाल्या. "मला कळलं होतं. मी देणार नव्हते."

"मला नकोच होता तसा."

"मग आज जो मिळाला होता, तो?"

"त्याच्यासाठी तर जीव जात होता माझा!" मी हुंदका दिला.

"मग का सांगितलंस?"

"आत होता म्हणून. दुसरं काय सांगू?"

त्यांनी पायांवर पाणी ओतलं. "अकरा वर्षं खेळतेय मी," त्या म्हणाल्या. "माझ्या रेषा इतरांपेक्षा अरुंद असतात. रेषेवर पडलेला माझा चेंडू बाहेरच असतो. पहिल्यांदा मी भांडले. मग मला कोर्टाबाहेर काढलं. मग भांडणं सोडलं आणि रेषेपासून हातभर आत मारायला शिकले. पंच सोड. इतक्या वर्षांत समोरची एकही मुलगी कधी माघारी येऊन म्हणाली नाही, की आत होता. एकही नाही. तू पहिली."

त्यांचे डोळे भरले होते. मी पुढं होऊन त्यांच्या गळ्यात पडले. दोघींचे हिरवे कपडे, शेणाचा वास, आणि दोघी रडतोय. गौराक्का लांबून बघून म्हणाली, "हरलीया कोन आन् रडतंय कोन!"

त्या संध्याकाळी जेवताना आई ताटं आदळत होती. शेवटी तिनं विचारलंच, "मग आता?"

"आता काय?" अप्पा ताटातून मान वर न करता म्हणाले. "ठरलं ते ठरलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्नाबाई निघाल्या. आईनं ओटीची तयारी केली होती, तांदूळ, नारळ, हळदीकुंकू, खण. आत्या कुरकुरली, लग्न न झालेलीची कसली ओटी? "माहेरवाशीण म्हणून भरते," आई म्हणाली. "माझ्या घरात जेवली ती." पण ओटीला पदर लागतो, आणि व्हर्नाबाई कोट-स्कर्टमध्ये. मी त्यांना समजावलं, काहीतरी पुढं धरा, आई त्यात घालेल. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि रॅकेट आडवी धरली.

आईनं ओंजळ सोडली. नारळ ताठ बसला तारांवर, आणि तांदूळ सगळे खाली!

"अगंबाई!" आत्या किंचाळली. ओटी सांडणं म्हणजे काय, तुम्हांला सांगायला नको. पण आईनं चटकन खाली बसून रॅकेटच्या खाली आपलाच पदर धरला. "घाल गं तू," मला म्हणाली. मी ओंजळ घातली, ती रॅकेटमधून आईच्या पदरात आली. मग आईनं ते तांदूळ खणात बांधून व्हर्नाबाईंच्या बॅगेत ठेवले. मी आदल्या दिवशीचं हौदावरचं बोलणं आईला तेव्हाच सांगितलं. आई ऐकून म्हणाली, "मेल्यांचे डोळे फुटले होते काय?" हे मी भाषांतर केलं नाही, तरी व्हर्नाबाई हसल्या.

मिरज स्टेशनवर अप्पा आणि मी पोचवायला गेलो. गाडी हलताना व्हर्नाबाई खिडकीतून अप्पांना म्हणाल्या, "मिस्टर मगदूम, त्या शाळेला मी थांबायला सांगणार आहे. अजून थोडं खेळेन म्हणते. रेषेवर मारून बघेन." अप्पांनी टोपी काढून मान लववली. माझ्या वडिलांना मी कुणापुढं टोपी काढताना त्याआधी बघितलं नव्हतं.

परतताना मोटारीत म्हैसाळचा फाटा गेला तेव्हा अप्पा एकदम म्हणाले, "कालच्या मॅचला अंपायर कोण होतं?"

"तुम्ही."

"अंपायरनं काय पुकारलं?"

"गेम, मिस मगदूम. पण अप्पा..."

"प्रश्नाचं उत्तर द्यायचं तेवढं. पुकारलं की नाही?"

"पुकारलं."

"म्हणजे गेम तुझा झाला. नंतर तू तो देऊन टाकलास." त्यांनी घसा खाकरला. "आपलं नसलेलं कुणाला दान देता येतं का? कुठल्याही न्यायाधीशाला विचार. दिलंस, म्हणजे तुझं होतं. मी म्हटलं होतं एक गेम घेऊन दाखव. तू घेतलास. पुढं त्याचं काय केलंस तो तुझा प्रश्न."

मी तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे बघत राहिले.

"बेळगावकरांना थांबायला सांगतो," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "आणि मुंबईला स्वेटर घेऊ नकोस, तिथं थंडी नसते."

मुंबईला मी दुसऱ्या फेरीत हरले. पुढच्या वर्षी तिसऱ्या. मग आणखी सात वर्षं खेळले. बेळगावकर थांबले नाहीत, आणि जे थांबले त्यांच्याशी मी लग्न केलं. अप्पा गेले, गौराक्का गेली. कोर्ट आता सिमेंटचं आहे, आणि मी कधी तिकडं गेले की उगाच वास घेते.

पण एक सांगायचं राहिलं. व्हर्नाबाई गेल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी, पावसाळ्यात, इंग्रजी पेपरात त्यांचा फोटो आला. तिकडच्या गोऱ्यांच्या ज्या क्लबच्या दारातून त्यांना एकदा परत पाठवलं होतं, त्याच क्लबच्या कोर्टावर त्यांनी मोठा कप जिंकला होता. तो जिंकणारी त्यांच्या लोकांतली पहिली बाई. मी पेपर घेऊन धावत स्वयंपाकघरात गेले आणि बातमी आईला मराठीत वाचून दाखवली. सामना अटीतटीचा झाला, शेवटचा फटका कोपऱ्यातल्या रेषेवर पडला, वगैरे.

आईनं भाकरी थापता थापता हात थांबवला. फोटोकडे बघितलंही नाही.

"रेषेवर?" ती म्हणाली. "मग आत दिला का गं त्यांनी?"

"दिला, आई. आत दिला."

आईनं पिठाच्याच हातानं डोळे पुसले, आणि भाकरी तव्यावर टाकली.